सनदेची तारीख

ता. ४ मार्च

प्रिय इंजिनास,
अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील असं धरून चालते. मीही बरी आहे. उजवा गुडघा सोडला तर बाकी सगळं चालू आहे. मी जुलैत निवृत्त होणार, गुडघा मात्र माझ्याआधीच होऊन बसलाय.

तुझा अर्ज परवा माझ्या टेबलावर आला. टपालवाल्यांनी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि इतर अर्जांच्या गठ्ठ्यात माझ्यापुढे ठेवला. 'प्रति, प्रमुख, सन्मान शाखा, राष्ट्रपती कार्यालय. महोदया,' अशी सुरुवात. 'महोदया'वरून सरकून मी थेट खालची सही पाहिली आणि पुन्हा वर आले. अगं, माझ्या चष्म्याची काडी तू दोनदा मोडली आहेस, दोन्ही वेळा माझ्याच मांडीवर बसून. महोदया कसली? पण तुझंही बरोबर आहे. सरकारी अर्जात आत्या लिहायची सोय नसते, आणि गेली पंधरा वर्षं आपल्यातही ती फारशी उरली नव्हती.

अर्ज मात्र नेमका लिहिला आहेस. 'माझे वडील बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर मिस्त्री होते. अमोनियाची गळती झाली तेव्हा ते तीन वेळा आत गेले आणि तीन माणसं बाहेर काढली. चौथ्यांदा मुख्य झडप बंद करायला गेले. दोन दिवसांनी रुग्णालयात वारले. माझ्या आईने पदकासाठी केलेल्या अर्जाला दोन ओळींचं उत्तर आलं होतं. आई मागच्या वर्षी वारली. मला कारण हवं आहे.' बस्स. एक विशेषण नाही. आमच्याकडे ज्या शिफारशी येतात त्यांत अतुलनीय, अलौकिक, असीम असे तीन-तीन बैल जुंपलेले असतात आणि गाडीत माल म्हणाल तर शून्य. तुझ्या बाबालाही असंच तुटक बोलायची सवय होती. घरी आला की दारातूनच 'इंजिन कुठंय?' एवढं विचारायचा, आणि तू झुकझुक करत धावत यायचीस.

तुझी आई गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही तुझ्या मावशीकडून. मी तुला पत्र लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले. कामात होते असं म्हणणार होते, पण तेव्हा काम नव्हतं.

शाखेचं उत्तर तुला वेगळं येईल. त्यात पुन्हा दोनच ओळी असतील, कारण तो मसुदा ठरलेला आहे. म्हणून हे घरच्या कागदावर लिहिते आहे.

आमच्याकडचं काम कसं चालतं ते तुला माहीत असायचं कारण नाही. राष्ट्रीय सन्मान राष्ट्रपती स्थापन करतात. म्हणजे आधी एक सनद लिहिली जाते. सन्मानाचं नाव काय, कोणाला द्यायचा, कशासाठी, पदक कुठल्या धातूचं, फीत कुठल्या रंगाची, कधीपासून लागू. राष्ट्रपती तिच्यावर सही करतात, शिक्का उठतो आणि तो सन्मान जन्माला येतो. त्यात काना-मात्रा बदलायची तरी ती राष्ट्रपतींनीच. मंत्र्यांना तो अधिकार नाही, सचिवांना नाही, मग आमची काय कथा. आम्ही आपले लिहितो, फिती कापतो आणि आकडे टोचतो.

आकड्यांची गंमत सांगते. समारंभाच्या तासभर आधी, ज्यांना पदक मिळणार त्यांच्या कोटावर डाव्या बाजूला एक बारीक आकडा टोचून ठेवायचा असतो. राष्ट्रपतींनी नुसतं पदक त्यात अडकवायचं, टाचणीशी झटापट करायची नाही. हे काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. मागे एका खाणकामगाराच्या कोटाला हात लावला तर तो मागे सरकला. म्हणाला, 'बाई, टोचेल का हो?' छत खाली येत असताना ज्याने पाठ लावून धरलं, तो माणूस. मी म्हटलं, 'तुम्हाला नाही टोचणार, कोटाला टोचेल.' तेव्हा कुठे हसला.

जे वारले त्यांच्या घरच्यांना आकडा नसतो. त्यांना पेटी देतात, झाकण उघडून, आत पदक दिसेल अशी. आदल्या दिवशीच्या सरावात मी त्यांना सांगते की पेटी दोन्ही हातांनी घ्या, लगेच मिटू नका, फोटो होऊ द्या. बायका, आया, मुलं, सगळे मान डोलावतात. आणि दुसऱ्या दिवशी पेटी हातात आली रे आली की सगळे पटकन मिटून टाकतात.

असो. तू कारण विचारलंस. कामगारांच्या धाडसासाठीचं हे पदक ज्या सनदेने स्थापन झालं, तिच्यावर एकोणीस तारखेला सही झाली. कारखान्यातली गळती त्याच महिन्याच्या एक तारखेची. कलम तीन असं आहे की सनदेच्या तारखेला किंवा त्यानंतर घडलेलं कृत्यच विचारात घ्यावं. अठरा दिवसांनी राहिलं. नियम तसा ठरला होता. सनदा बहुधा अशाच असतात. वाईट वाटतं, पण त्याला इलाज नाही.

प्रकृतीला जप. तूही कोल्ड स्टोरेजच्या यंत्रांचंच काम शिकते आहेस असं अर्जात वाचलं. तुझ्या आईला आवडलं नसणार. मलाही आवडलं नाही, पण मला विचारतंय कोण. हातमोजे आणि मुखवटा घातल्याशिवाय आत पाय टाकू नकोस, साहेब कितीही घाई करो.

तुझी
आत्या

ता. २१ मार्च

प्रिय इंजिनास,
आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मिळालं, फोटोही मिळाला. हातात पाना, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि उभी राहिली आहेस थेट बापासारखी, एक खांदा खाली टाकून. फोटो स्वयंपाकघरात लावला आहे.

तू लिहिलंस, 'आत्या, मी उगीच तुझ्यावर राग धरून बसले. आईचं ऐकून मीही ते मनात वाढवलं. नियमच तसा असेल तर तू तरी काय करणार? तू बिचारी हुकमाची ताबेदार.' आणि पुढे, सुट्टी मिळाली की येते, गुडघ्याला लावायला तेल आणते.

खोटं कशाला सांगू, वाचून मला इतका आनंद झाला की दोन दिवस घरात गुणगुणत फिरत होते. शेजारीण म्हणाली, 'काय हो, निवृत्तीचे वेध लागले वाटतं?' तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं आणि गुणगुणणं थांबलं. तू माझ्यावर रागावली होतीस तेव्हा मी तुला तोंड देऊ शकत होते. आता देता येत नाही. तुझी ही माया मी फसवून घेतली आहे, आणि ती ठेवून घेण्याइतकी मी अजून निर्लज्ज झालेली नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, नियम तसा ठरला होता. तो कोणी ठरवला ते लिहिलं नाही. कलम तीन मी लिहिलं आहे.

पहिल्यापासून सांगते. गळतीची बातमी तेव्हाच्या राष्ट्रपतींनी वर्तमानपत्रात वाचली. वयस्क गृहस्थ होते, पूर्वी जमीनमोजणीच्या खात्यात काम केलेले. त्यांनी सचिवांना बोलावलं. सचिवांनीच मला नंतर सांगितलं, ते असे म्हणाले, 'सैनिकाला आपल्याकडे पदक आहे. पोलिसाला आहे, अग्निशामकाला आहे. या मिस्त्र्याला काय आहे?' सचिव म्हणाले, 'काही नाही, सर.' 'मग करू या की.' एवढ्यावर नवा सन्मान निघाला. तुझ्या बाबावरून निघाला, इंजिन. तो नसता तर ते पदकच नसतं. फितीचे नमुने टेबलावर मांडले तेव्हा त्यांनी निळसर पांढरी उचलली आणि म्हणाले, 'ही बर्फासारखी आहे.' पंधरा वर्षं मी दर साली ती फीत मोजून कापते आहे.

मी चार दिवसांची रजा संपवून कामावर आले त्याच सकाळी तो मसुदा माझ्याकडे आला. रजेच्या अर्जावर मी 'घरगुती अडचण' लिहिलं होतं. माझं आडनाव सासरचं, त्याचं माहेरचं. तो माझा सख्खा भाऊ हे त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मसुदा दुसऱ्याकडे गेला असता. मला तो माझ्याच हाताने लिहायचा होता. तिथपर्यंत माझ्या मनात खरोखर पाप नव्हतं.

सनदेत मागची तारीख घालता येते. समुद्रात लोकांना वाचवणाऱ्यांसाठी एक जुनं पदक आहे, त्याच्या सनदेत चक्क दोन वर्षं मागची तारीख आहे, कारण तेव्हाच्या राष्ट्रपतींना एका बुडालेल्या बोटीवरच्या खलाशांचा सन्मान करायचा होता. मी ती सनद दप्तरातून शोधून काढली. त्या कलमावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि सहीच्या आदल्या संध्याकाळी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली. राष्ट्रपतींना दाखवायचं, तारीख मागे घ्यायला सांगायचं, असं ठरवून मी घरी गेले आणि नीट झोपले.

सकाळी गेले तर कॉरिडॉरमध्ये हशा चालला होता. आमच्यातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या मामाचं नाव कलावंतांच्या यादीत सरकवलं होतं. ते उघडकीला आलं आणि त्या दिवशी त्याची बदली झाली. टंकलेखकांनी त्याला 'मामा-पदक' असं नाव ठेवलं होतं. एक जण म्हणाली, 'वशिला असावा तर असा, नाही का हो ताई?' मी हसले. सगळ्यांबरोबर हसले. शाखाप्रमुखाची जागा दोन-तीन महिन्यांत रिकामी व्हायची होती आणि माझं नाव पुढे होतं. उभ्या उभ्या मला ऐकू यायला लागलं की आज ना उद्या कळेलच, मग हेच तोंड 'भाऊ-पदक' म्हणेल. मी फाइल उघडली. पिवळी चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली आणि जुनी सनद खाली सरकवली.

राष्ट्रपती एकेक कलम बोट ठेवून वाचायचे. तिसऱ्यावर बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला.

'या तारखेपासून. म्हणजे तो बर्फाच्या कारखान्यातला माणूस यात बसेल ना?'

नियमाचा प्रश्न आला की सचिव माझ्याकडे बघायचे. तसे बघितले.

मी म्हटलं, 'नाही, सर. सनद पुढच्यांसाठी असते.'

'नेहमी असंच असतं?'

'नेहमी, सर.'

त्यांनी पेन उचललं. म्हणाले, 'वाईट झालं. त्याच्यामुळेच हे मला सुचलं.' आणि सही केली.

एवढंच झालं. दोन मिनिटंही लागली नसतील. माणूस अगदी समोर बसून मला विचारत होता, आणि 'हो, बसवता येईल' एवढंच मला म्हणायचं होतं.

पुढच्या आठवड्यात तुझी आई माझ्याकडे आली. पर्समध्ये ते वर्तमानपत्राचं कात्रण होतं. तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस, माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून डब्यांना झाकणं लावत होतीस, चुकीची. तुझी आई म्हणाली, 'ताई, पेपरात आलंय, पदक निघालंय म्हणून. तुम्ही तिथेच आहात. एक शब्द टाकून बघा ना.' मी तिला सांगितलं, 'माझ्या हातात काही नसतं गं.' ती 'बरं' म्हणाली, तुला उठवलं आणि निघाली. चहा तसाच राहिला. नंतर तिने रीतसर अर्ज केला. ते दोन ओळींचं उत्तर माझ्याच सहीचं. तोवर मी शाखाप्रमुख झाले होते.

तिला वाटलं की मी तिच्यासाठी प्रयत्न केला नाही. आयुष्यभर तिला तेवढंच वाटलं, आणि मी वाटू दिलं. खरं त्याहून वाईट होतं.

लोक मला सरळ म्हणतात. ताई म्हणजे नाकासमोर चालणारी बाई, सख्ख्या भावालाही सोडणार नाही, असं तुझा बाबाच चेष्टेत सगळ्यांना सांगायचा. मीही वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घातली की मी भावासाठी नियम वाकवला नाही. पण वाकवायला नियम होताच कुठे? तो त्या दिवशी केला गेला, आणि मी तो असा केला की माझा भाऊ बाहेर राहील. त्याला तत्त्व म्हणायचं नाही. मी भ्याले, इंजिन. चार टंकलेखकांच्या हसण्याला भ्याले.

उद्या मी आताच्या राष्ट्रपतींपुढे टिपण ठेवणार आहे. सनदेची तारीख मागे न्यावी, आणि ती मुळात चुकीची का पडली, हे दोन्ही त्यात लिहिलं आहे. निकाल काय लागेल सांगता येत नाही. पण निकालाआधी तुला कळायला हवं होतं. पदक मिळालं आणि तू माझे आभार मानलेस, तर मला ते सहन होणार नाही.

तेल आणायचं की नाही ते हे वाचून ठरव.

तुझी
आत्या

ता. ९ एप्रिल

प्रिय इंजिनास,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते. पण आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. रोज टपालाची वाट बघत होते.

टिपण घेऊन गेले त्या दिवशीचं सांगते. आताच्या राष्ट्रपती पूर्वी डॉक्टर होत्या. कागद वाचतात तोही रुग्णाचा कागद वाचावा तसा, मध्ये मान वर करत नाहीत. सचिव माझ्या बाजूला उभे होते. टिपणात एक वाक्य आहे, 'मृत हा माझा सख्खा भाऊ.' त्या इमारतीत हे वाक्य पंधरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं गेलं. सचिवांनी ते आधी वाचलं नव्हतं. राष्ट्रपतींनी मोठ्याने वाचलं तेव्हा ते माझ्याकडे असे वळले की जणू मी कोणी तिऱ्हाईतच आहे.

राष्ट्रपतींनी विचारलं, 'या तारखेमुळे आणखी कोणाला नाही म्हटलं?'

'दोन घरांना, मॅडम. एका क्रेनचालकाची बहीण आहे. आणि एका शाळेच्या बसचालकाचे वडील होते.'

'होते म्हणजे?'

'तीन वर्षांपूर्वी वारले. तोवर दर वर्षी पत्र पाठवायचे.'

'तुम्ही काय उत्तर द्यायचात?'

'दोन ओळी, मॅडम.'

त्यांनी टिपण मिटलं. मग म्हणाल्या, 'तारीख मी मागे नेते. त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून. पण हे टिपण सनदेबरोबर फाइलमध्ये राहील. पुढे कोणी उघडलं तर त्याला कारण दिसलं पाहिजे.'

मी म्हटलं, 'राहू द्या.'

'आणि त्या दोन्ही घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. पत्राने नाही.'

'हो, मॅडम.'

सही झाली. शिक्का मी उठवला, इतकी वर्षं उठवते आहे तसाच. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी थांबवलं. 'त्याच्या मुलीला पेटी मी देईन. तुम्ही त्या दिवशी कुठे असाल?' त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तर झालं. तुझ्या बाबाचं नाव या वर्षीच्या यादीत पहिलं आहे. शाखेचं पत्र तुला आठवडाभरात येईल. त्यावर माझी सही नसेल, कारण चौकशी पुरी होईपर्यंत मला शाखेतून बाजूला केलं आहे. फितींच्या कपाटाच्या किल्ल्या काल दिल्या. ज्या मुलीला दिल्या ती चांगली आहे, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. सरावाला तीच तुला चालायचं कुठून, थांबायचं कुठे ते दाखवील. कॉरिडॉरमध्ये कोणी हसत नाही. मी आले की बोलणं थांबतं. ज्याला मी एवढी भ्याले होते ते हे असं निघालं. इतकंच होतं. पंधरा वर्षांपूर्वीही इतकंच झालं असतं, आणि तुझी आई तेव्हा जिवंत होती.

क्रेनचालकाच्या बहिणीकडे काल जाऊन आले. तिने मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं. बसचालकाच्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत, त्याच्या वडिलांचं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. कोणी नातेवाईक सापडतो का ते शोधते आहे.

आता जे सांगायचं ते मी आधीच्या दोन्ही पत्रांत टाळलं, आणि खरं तर पंधरा वर्षं टाळलं.

रुग्णालयात तिसऱ्या दिवशी दुपारी तुझी आई तुला जेवायला घेऊन घरी गेली होती. तासभर त्याच्याजवळ मी एकटी होते. अमोनियाने त्याचा घसा आणि डोळे जळले होते. बोलता येत नव्हतं, दिसतही धड नव्हतं. त्याने हाताने खूण केली म्हणून मी पेन दिलं आणि एक्स-रेचं पाकीट हाताखाली धरलं. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, पण वाचता येतात. पहिली ओळ, 'तिघं जगले का?' मी हो म्हटलं. दुसरी, 'डोळ्यांचं घरी सांगू नको.' तिसरी लिहायला त्याला फार वेळ लागला. 'ताई, अशाला देता का गं तुम्ही पदक? इंजिनाला खेळायला होईल.'

चेष्टा करत होता. त्या अवस्थेत तो माझी चेष्टा करत होता. आणि मी काय म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, 'आधी बरा हो. आणि असले वशिले माझ्याकडे चालत नाहीत.'

त्याला हसू आलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. मग खोकला सुरू झाला आणि नर्सने मला बाहेर काढलं. संध्याकाळी तो गेला. तेव्हा मी त्याच्याशी शेवटचं बोलले ते हे वाक्य.

राष्ट्रपतींनी 'तो माणूस यात बसेल ना?' असं विचारलं तेव्हा ते पाकीट घडी करून माझ्या पर्समध्ये होतं. तुझी आई माझ्यापुढे बसून एक शब्द टाका म्हणाली तेव्हाही होतं. तिला दाखवलं असतं तर तिने विचारलं असतं की त्याने स्वतः मागितलं होतं ना, मग ताई, तुम्ही काय केलंत? म्हणून दाखवलं नाही. तिलाही नाही आणि तुलाही नाही. तुझ्या बापाने शेवटी जे लिहिलं त्यात तुझी आठवण काढली होती, आणि ते मी माझी लाज झाकायला लपवून ठेवलं. पदकाची तारीख राष्ट्रपतींनी मागे नेली. याची तारीख कोणाला मागे नेता येणार नाही.

पाकीट सोबत पाठवते आहे. पहिल्या दिवसापासून ते तुझं होतं. उघडशील तेव्हा घाई करू नकोस, घडीवर कागद फाटायला आला आहे.

समारंभाला मला बोलाव असं मी म्हणणार नाही. रागावू नकोस असंही म्हणणार नाही. तू रागाव. तुझ्या आईच्या वाटचंही रागाव. फक्त पेटी हातात आली की लगेच मिटू नकोस. थोडा वेळ उघडी धर. त्याने ती तुझ्यासाठी मागितली होती.

तुझ्या बाबाची बहीण